लढाई, युद्ध आणि महाडचा ‘संगर’

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांची मुलगी भाषांतराची वही घेऊन माझ्याकडे आली. इंग्रजी उताऱ्यात ‘वॉर’ होते, तिथे तिने ‘युद्ध’ लिहिले होते. चार ओळींनंतर ‘बॅटल’ आले, तिथेही ‘युद्ध’च. “काका, दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?” तिने विचारले. मी म्हटले, एकाला युद्ध म्हण, दुसऱ्याला लढाई. ती निघून गेली आणि माझे मलाच पटेना. आपण पानिपतचे युद्धही म्हणतो आणि पानिपतची लढाईही म्हणतो. मग फरक कशात आहे? त्या दिवसापासून मी एका वहीत शब्द टिपू लागलो : युद्ध, लढाई, झुंज, रण, समर, संगर, संग्राम, जंग, मोहीम, स्वारी, मुलूखगिरी, गर्दी.

इंग्रजी ‘वॉर’चे मूळ जुन्या जर्मानिक भाषांतल्या ‘वेरा’ या शब्दात सापडते. त्याचा अर्थ गोंधळ, कलह. फ्रेंच ‘गेर’ आणि स्पॅनिश ‘गेरा’ त्याचीच भावंडे, आणि ‘गेरिला’ म्हणजे त्या गेराचे धाकटे रूप, छोटे युद्ध. गोंधळावरून युद्ध हा प्रवास परका वाटायचे कारण नाही. आपल्याकडे तो उलट्या दिशेने झाला आहे. १७६१ च्या पानिपताला आपल्या लोकांनी ‘भाऊगर्दी’ म्हटले. तेव्हा ‘गर्दी’त उलथापालथ होती, कापाकापी होती. आज आपण दिवाळीच्या खरेदीला बाजारात जातो आणि ‘काय गर्दी!’ म्हणून परततो.

असे आणखी कितीतरी शब्द रणावरून घरी आले. ‘मोहीम’ मूळ अरबी, महत्त्वाचे काम या अर्थाचा. फारसीच्या वाटेने तो मराठीत फौजेचा झाला आणि आता लसीकरणाचीही मोहीम असते. ‘स्वारी’ म्हणजे चढाई. पण नवरा उशिरा घरी आला की ‘आली आमची स्वारी’ म्हणणारी पिढी अजून हयात आहे. ‘जंग’ गेली, तिची ‘जंगी’ सभा आणि ‘जंगी’ कुस्ती उरली. ‘गनीम’ म्हणजे शत्रू, आणि मोगलांच्या लेखी गनीम आपणच होतो. ‘कावा’ म्हणजे घोडा गोल फिरवणे. या दोहोंतून झालेला ‘गनिमी कावा’ आपण अभिमानाने मिरवतो, म्हणजे शत्रूने ठेवलेले नाव आपण दागिना म्हणून घातले.

हे शब्द मला पुस्तकाबाहेरही भेटतात, याला आमचा मुलूख कारण आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर गेले की प्रतापगड लागतो. १६५६ मध्ये महाराजांनी मोऱ्यांची जावळी घेतली आणि १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखानाचे प्रकरण त्याच डोंगरात झाले. पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. महाड तालुक्यात रायगड आहे. त्या गडाच्या राज्यात, राज्याभिषेकानंतर, रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यात शस्त्रांचा वर्ग आहे, चतुरंग सेनेचा आहे, दुर्गांचाही आहे. सरनौबत सेनापती झाला. पण किल्ला लोकांच्या तोंडी किल्लाच राहिला. ‘शिवभारत’ हे महाकाव्य संस्कृतात लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपूरलाच आहे. म्हणजे लढणारा आणि लढाईला शब्द देणारा, दोघेही एकाच तालुक्यात विसावले आहेत.

संस्कृतातले शब्द मी तपासू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ‘संग्राम’मधला ग्राम म्हणजे समूह, आणि संग्राम म्हणजे आधी समूहांचे एकत्र येणे. ‘समर’च्या मुळाशीही एकत्र येणे, गाठ पडणे आहे. भांडण नंतरचे, आधी माणसे जमली पाहिजेत. ‘संगर’ याहून नवलाचा. अमरकोशात त्याचे चार अर्थ दिले आहेत : प्रतिज्ञा, युद्ध, करार आणि आपत्ती. हा शब्द वहीत उतरवताना माझ्या डोळ्यांपुढे महाडचे चवदार तळे आले.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई आणि त्याच वर्षी मे महिन्यात कर्नल प्रॉथरने घेतलेला रायगड, या दोन्ही घटना इंग्रजांच्या हिशेबी तिसऱ्या मराठा ‘वॉर’मध्ये बसतात. कोरेगावला इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. तिच्याविरुद्ध अर्ज तयार करणारे गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे, स्वतः निवृत्त लष्करी माणूस. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, महारांची पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. ज्यांच्या घराण्यांना खरे युद्ध ठाऊक होते अशी कितीतरी कुटुंबे तेव्हा कोकणात होती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लष्करभरतीच्या बंदीने आपल्या समाजाचे काय नुकसान झाले, हे त्यांनी भाषणात सांगितले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्येच झाला होता आणि महाड नगरपालिकेने तो मान्यही केला होता. पण तळ्याला हात लावण्याची सोय नव्हती. २० तारखेला लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली. परतणाऱ्या लोकांना गाठून मारहाण झाली. उलटा हात उचलायला संख्या होती, रग होती. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना शांत राखले. पुढे १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

आता प्रश्न नावाचा. या घटनेला काय म्हणायचे? तळ्याचे हक्क सांगणाऱ्या सवर्ण मंडळींनी कोर्टात दावा लावला : तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट पुरातन आहे. त्यांच्या कागदांत हा मालकीचा आणि वहिवाटीचा तंटा होता. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले आणि त्यातल्या अग्रलेखांच्या मथळ्यांत महाडच्या घटनेला ‘धर्मसंगर’ म्हटले. या धर्मसंगरात वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी कोणती, इंग्रज सरकारची कोणती आणि अस्पृश्यांची स्वतःची कोणती, असा तिघांचा हिशेब त्यांनी मांडला. एका बाजूला ‘दावा’, दुसऱ्या बाजूला ‘संगर’. गंमत अशी की मराठीत ‘दावा’ म्हणजे वैरही. ‘उभा दावा मांडला’ असे आपण म्हणतोच.

बाबासाहेबांच्या मनात अमरकोशातले चारही अर्थ होते, असे मला म्हणायचे नाही. त्या काळच्या मराठीत संगर म्हणजे युद्धच. पण शब्द आपले सगळे अर्थ बरोबर घेऊन येतो. आपत्ती मार्चमध्ये झाली होती. प्रतिज्ञा डिसेंबरमध्ये झाली : सत्याग्रहासाठी हजारोंनी नावे नोंदवली, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, जन्माने ठरणारी विषमता नाकारणारा जाहीरनामा मंजूर झाला. पण १४ डिसेंबरलाच कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. तो मोडायचा नाही असे ठरले आणि सत्याग्रह तहकूब झाला. पाण्यासाठी आलेली माणसे पाणी न पिता परत गेली. युद्धावर निघालेल्या सेनेला थांबवणे कठीण असते. ती थांबली. खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींची पुरातन वहिवाट सिद्ध होत नाही असा निकाल दिला.

कुणी विचारील, ओंजळभर पाण्याला युद्धाचा शब्द लावणे ही अतिशयोक्ती नाही का? शब्द कसे स्वस्त होतात हे मी पाहिले आहे. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले, तळियेवर दरड कोसळली. तेव्हा बातम्यांत ‘मदतकार्य युद्धपातळीवर’ हे वाक्य रोज येत होते. ‘वॉर फूटिंग’चे हे मराठी रूप आता रस्त्याचे खड्डे बुजवायलाही लागते. तिथे युद्ध म्हणजे केवळ घाई.

१९२७ चे तसे नव्हते. तिथे शत्रू होता, जखमा होत्या, माघार होती, शिस्त होती आणि कशासाठी लढायचे हे आधी ठरले होते. फरक एकच : एका बाजूने शस्त्र उचलायचे नाही असे ठरवले. जावळीच्या लढाईला इतिहासाने आपसूक युद्धाचा मान दिला, कारण तिथे राज्य मिळाले. तळ्यावरच्या माणसांना तो मान कुणी देणार नव्हते. त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्याला तो शब्द स्वतः उचलावा लागला. माझ्या मते मराठीत युद्धाचे इतके शब्द असण्याचा खरा उपयोग हा आहे. कोणता शब्द कुणाला लावायचा, यावरून आपण कोणाला माणूस समजतो ते कळते.

त्या मुलीचे भाषांतर केव्हाच संपले. माझी वही मात्र चालू आहे. तिच्यात प्रत्येक शब्दापुढे मी इंग्रजी प्रतिशब्द लिहिला होता. ‘संगर’पुढे ‘वॉर’ असे होते. गेल्या मार्चमध्ये तळ्यावर जाऊन आलो आणि ते खोडले. दुसरा शब्द सुचला नाही. तेवढी जागा कोरी ठेवली आहे.