जबड्याचे हाड : सुधार-शस्त्रक्रियेनंतरची सांधणी व पुनर्घडण

वाढीच्या काळात जबड्याची ठेवण बिघडून दात एकमेकांवर नीट बसत नसतील, तर हाड कापून योग्य जागी बसवतात. त्यानंतर हाड जुळून येणे आणि चावण्याच्या ताणानुसार त्याचा आकार बदलणे, या दोन्ही क्रिया या नोंदीत येतात.

शस्त्रक्रिया : अशा शस्त्रक्रियेची पहिली नोंद १८४९ सालची, अमेरिकेतील सायमन हलिहेन यांची आहे. आजची रूढ पद्धत ह्यूगो ओब्वेगेसर यांनी १९५० च्या दशकात घडवली. तीत खालच्या जबड्याची मागची फांदी उभी चिरून तिचे दोन पदर करतात. पदर सरकवले तरी हाडाला हाड रुंद पृष्ठभागावर भिडलेले राहते. सांधा लवकर जुळण्याचे हे मोठे कारण. पदर टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रूंनी जखडतात.

सांधणी : प्रथम रक्ताची गुठळी होते, तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि काही आठवड्यांत कच्चे हाड तयार होते. फट नसेल आणि पट्टी घट्ट असेल, तर ऑस्टिओक्लास्ट पेशी सांध्याच्या आरपार बारीक बोगदे कोरतात. मागोमाग ऑस्टिओब्लास्ट पेशी ते नव्या हाडाने थराथराने भरतात. साधारण ६ ते ८ आठवड्यांत सांधा बऱ्यापैकी बळकट होतो. तोवर पेज, खिमट, मऊ भात असाच आहार असतो. धूम्रपानाने सांधणी लांबते.

पुनर्घडण : पुढे कित्येक महिने कच्च्या हाडाची जागा पक्के हाड घेते. कापलेल्या जागेच्या धारदार कडा गोलावतात, खालच्या काठावरची पायरी बुजत जाते. कानापुढील सांध्यातील अस्थिशीर्षही नव्या भाराप्रमाणे थोडे बदलते. ते प्रमाणाबाहेर झिजले, तर जबडा पुन्हा मागे सरकतो. खालचा जबडा बराच पुढे आणलेल्या तरुण स्त्रियांत हा धोका अधिक असतो.

पाठपुरावा : हा बदल एका तपासणीत कळत नाही, क्ष-किरण चित्रे, दातांचे ठसे व छायाचित्रे कालक्रमाने ताडावी लागतात. रुग्णाची सचित्र नोंद ठेवण्याची ही शिस्त मराठी परंपरेतही आहे. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले (१७७७–१८३२) यांनी नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह करवून घेतल्या. त्या तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन आहेत. जबड्याच्या रुग्णानेही दुखणे थांबले म्हणून तपासण्या सोडू नयेत, कारण अस्थिशीर्षाची झीज पुष्कळदा वेदनेवाचून सुरू होते आणि दातांची बदलती बैठकच तिची पहिली खूण ठरते.