बळी हवेत, पण हातचे पाणी नको : बाळू पालवणकर यांची गोष्ट

१/ भारतीय क्रिकेटचा पहिला थोर गोलंदाज कोण, असे विचारले तर बहुतेकांच्या ओठांवर १९३२ नंतरचीच नावे येतात. त्या वर्षी भारत पहिली अधिकृत कसोटी खेळला. मात्र त्याच्या एकवीस वर्षे आधी एका मराठी माणसाने इंग्लंडच्या एकाच दौऱ्यात शंभराहून अधिक फलंदाज बाद केले होते. आजचा धागा त्याच्याविषयी.

२/ बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाडला झाला. घराण्याचे मूळ गाव कोकणातले, आडनाव त्या गावावरून आलेले. जात चांभार. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुढे पुण्यात आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू हेच बाळू व धाकटा भाऊ शिवराम यांचे पहिले क्रीडासाहित्य.

३/ पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. काम मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे, पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात एक रुपया वाढून मिळाला. तेथे जाळी उभारणे, रेषा आखणे ही कामे होतीच. त्यांच्याबरोबर सभासदांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे कामही हळूहळू त्यांच्याकडे आले.

४/ या सरावातूनच गोलंदाज घडला. डाव्या हाताची संथ फिरकी, चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची हातोटी, आणि टप्पा असा की दिवसभर जागा सोडणार नाही. क्लबातला उत्तम इंग्रज फलंदाज कॅप्टन ग्रेग त्यांच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करी. आपल्याला बाद केल्यास तो दर वेळी आठ आणे बक्षीस देई, अशी आख्यायिका आहे. फलंदाजी करायला मात्र या क्लबात बाळूंना कधीच मिळाली नाही. नोकराने चेंडू टाकायचा आणि साहेबाने तो टोलवायचा, अशी ही व्यवस्था होती.

५/ पुण्यातील हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते, आणि हरवू शकेल असा गोलंदाज होता ‘अस्पृश्य’. त्याला घ्यावे की नाही, यावर क्लबात मोठा वाद झाला. अखेर जिंकण्याची ओढ सोवळ्याहून बलवत्तर ठरली. बाळू संघात आले.

६/ संघात आले, पंक्तीत नव्हे. मैदानावर ज्या चेंडूला बाळूंचा हात लागे, तोच चेंडू सवर्ण सहकारी निःसंकोच झेलत. पण चहापानाच्या वेळी सहकारी तंबूत बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या पात्रात चहा दिला जाई. जेवणही वेगळे. बळी हवेत, पण हातचे पाणी नको, असा तो व्यवहार होता. चेंडूला विटाळ होत नाही आणि पेल्याला होतो, हे कोणत्या शास्त्रात बसते, असा प्रश्न विचारणारे तेव्हा थोडेच होते.

७/ त्या थोड्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध बाळूंनी सात बळी घेऊन विजय मिळवून दिला आणि पुण्यात त्यांचे जंगी स्वागत झाले. ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर जेवायला हरकत कसली, अशी भूमिका रानड्यांनी जाहीरपणे मांडली. सभांमधून सुधारकांनी वर्षानुवर्षे उपस्थित केलेला प्रश्न आता एका गोलंदाजामुळे क्लबाच्या दारात येऊन उभा राहिला होता.

८/ पुढे बाळू मुंबईत आले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. येथेही काही सभासदांनी आधी विरोध केला, मग माघार घेतली. यामागचे कारण समजून घ्यायला हवे. त्या काळचे मुंबईचे मोठे सामने धर्मवार होत : युरोपियन, पारशी, हिंदू आणि १९१२ पासून मुसलमान. प्रत्येक सामना समाजाच्या प्रतिष्ठेचा. त्यामुळे मैदानात ‘हिंदूंची शान’ ठरणारा गोलंदाज मैदानाबाहेर हिंदूंच्याच घरात परका, हा विसंवाद हजारो प्रेक्षकांपुढे उघडा पडला.

९/ फेब्रुवारी १९०६, मुंबई. हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला. बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले. शिवरामही याच संघात होते. वंगभंगाच्या चळवळीने देश पेटलेला असताना राज्यकर्त्यांचा असा पराभव झाला, तेव्हा लोकांनी तो खेळापुरता मानला नाही.

१०/ तोवर जिमखान्यात पालवणकर बंधूंना इतरांबरोबर बसून खाण्याची मोकळीक मिळाली होती. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने या बदलाचे मोल ओळखले. इतर क्षेत्रांतल्या प्रयत्नांना जे साधले नाही ते या दोन भावांच्या प्रवेशाने तरुण हिंदूंच्या मनात साधले, असा त्याच्या टिपणाचा आशय होता. पुण्यात बाहेर मिळणारा चहा मुंबईत आत मिळू लागला. एवढ्या बदलासाठी एका माणसाला किती बळी घ्यावे लागले, तेही लक्षात ठेवायला हवे.

११/ १९११. पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी दहा हरला, दोनच जिंकला. महाराजांचे लक्ष क्रिकेटपेक्षा मेजवान्यांकडे अधिक होते. या पडझडीत एक हात मात्र अखंड चालत राहिला. सर्व सामने धरून बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. प्रथम श्रेणीतले बळी ७५. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ. वय पस्तीस आणि खांदा दुखावलेला, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते.

१२/ परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांनी तयार केले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. आपल्या समाजातला एक माणूस विलायतेत केवळ कर्तृत्वाच्या बळावर मान मिळवून येतो, याचे त्या पिढीला काय अप्रूप वाटले असेल, याची कल्पना करता येते.

१३/ आता मुख्य प्रश्न. संघातला सर्वात अनुभवी आणि यशस्वी खेळाडू कर्णधार का झाला नाही? गोलंदाजाचे यश धावफलकावर दिसते, ते कुणाला नाकारता येत नाही. कर्णधारपद समितीच्या बंद खोलीत ठरते, आणि त्या खोलीत जात आपली जागा सोडत नव्हती. शिवाय कर्णधार म्हणजे आज्ञा देणारा. ‘अस्पृश्या’ची आज्ञा सवर्णांनी पाळायची, ही कल्पनाच अनेकांना पेलवेना. म्हणून बाळूंऐवजी एम. डी. पै कर्णधार झाले. स्वतः पै यांनी १९१३ मध्ये एका समारंभात, हा मान ज्येष्ठ व अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता, असे मोकळेपणाने सांगितले.

१४/ १९२० मध्ये ठिणगी पडली. पै आजारी, बाळू संघाबाहेर आणि नेतृत्व दि. ब. देवधर यांच्याकडे. देवधर उत्तम फलंदाज होते, यात शंका नाही. पण बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल यांचा दावाही तितकाच भक्कम होता. तो जातीमुळे डावलला गेला, असे जाहीर निवेदन काढून विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले. लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढच्या सामन्यासाठी समिती नमली. भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही काळ त्यांनी संघ सांभाळला. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत नेतृत्वाचा वाटा एवढाच.

१५/ १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्याला न मिळालेला मान धाकट्याने मिळवला. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. या घराण्याची कहाणी त्यांच्याच शब्दांत वाचायची असेल, तर ते जरूर शोधा.

१६/ बाळूंचा पुढचा प्रवास सरळ नाही, आणि तो गाळणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. ते राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर आंबेडकरांप्रमाणे त्यांचीही स्वाक्षरी आहे, पण दोघांच्या वाटा निराळ्या होत्या. स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीला बाळूंचा पाठिंबा नव्हता. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

१७/ यात एकाला नायक आणि दुसऱ्याला खलनायक ठरवण्याची घाई नको. बाळूंनी आयुष्यभर पाहिले होते की कर्तृत्व दाखवले तर दार किलकिले होते. म्हणून हिंदू समाज आतून बदलेल, यावर त्यांचा भरवसा होता. आंबेडकरांनी ते दार समाजातल्या कोट्यवधींसाठी बंदच असलेले पाहिले होते. शंभर बळी घेणाऱ्यालाच पंगत मिळणार असेल, तर ज्याला चेंडू टाकता येत नाही त्याने काय करावे? हा प्रश्न आंबेडकरांच्या बाजूचा आहे, आणि बाळूंच्या स्वतःच्या कारकिर्दीतूनही तोच उभा राहतो.

१८/ प्रथम श्रेणीचे अवघे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचे निधन झाले. भारताचा अधिकृत कसोटी संघ उभा राहिला तेव्हा त्यांचे खेळण्याचे वय कधीच सरले होते, त्यामुळे त्यांच्या नावापुढे एकही कसोटी नाही. विक्रमांच्या यादीत न सापडणारी माणसे शोधायची असतील, तर त्या यादीच्या आधीची पाने उलटावी लागतात. पुढच्या वेळी जुन्या क्रिकेटचे एखादे छायाचित्र दिसले, तर मागच्या रांगेतले चेहरेही नीट पाहा, आणि कर्णधाराच्या खुर्चीत कोण बसले आहे, कोण नाही, हेही तपासा.