गेंडा, गळा आणि चार दाणे

आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी गोळी असते. आई उठली की उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते. कॅल्शियमची त्यानंतर चार तासांनी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर कॅल्शियम पहिलीला अंगी लागू देत नाही.

काही वर्षांपूर्वी आईच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अरे, बोटांना मुंग्या येतायत रे. ओठांनासुद्धा." आम्ही म्हटलं, झोपून झोपून येत असतील. संध्याकाळी तिची बोटं आपोआप आखडली, उघडेचनात. मग शिरेतून कॅल्शियम दिलं आणि आम्हाला एक नवा शब्द कळला: हायपोपॅराथायरॉइडिझम. नातेवाईक आजही म्हणतात, "थायरॉइडच ना? हल्ली सगळ्यांनाच असतो." नाही हो! थायरॉइड वेगळी आणि तिच्या पाठीला चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी वेगळ्या. नावापलीकडे दोघींचा कामाचा काही संबंध नाही.

या चार दाण्यांचा इतिहास मात्र भन्नाट आहे, आणि तो सुरू होतो एका भारतीय गेंड्यापासून. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८३४ साली घेतलेला हा एकशिंगी गेंडा १८४९ मध्ये मेला. रिचर्ड ओवेन यांनी त्याचं शवविच्छेदन केलं, तेव्हा थायरॉइडला चिकटलेली एक छोटीशी पिवळसर गाठ त्यांना दिसली. त्यांनी तिची नोंद केली आणि पुढे गेले. माणसातल्या या ग्रंथी नीट शोधल्या स्वीडनमधल्या उप्सालाच्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने. १८७७ मध्ये त्याला त्या कुत्र्यात सापडल्या. मग त्याने माणसांची ५० प्रेतं तपासली, १८८० मध्ये लेख छापला आणि नावही दिलं. फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १८८९ मध्ये, ३७ वर्षांचा असताना, त्याने आत्महत्या केली.

गंमत (की शोकांतिका?) अशी की त्याच काळात युरोपात गलगंडाची ऑपरेशन्स जोरात सुरू होती. व्हिएन्नात बिलरोथ, बर्नमध्ये कोखर. बिलरोथच्या काही रुग्णांना नंतर हातापायांचे भयंकर पेटके यायचे. याला टेटनी म्हणतात. धनुर्वात म्हणजे टिटॅनस, तो वेगळा. कोखरच्या रुग्णांना पेटके क्वचितच येत, पण ते सुजट आणि मंद होत. असं का, याचं उत्तर पुढे अमेरिकन सर्जन हॉलस्टेडने मांडलं. कोखर सावकाश, नेटकेपणाने अख्खी थायरॉइड काढे, म्हणून पॅराथायरॉइड वाचत. बिलरोथ झपाट्याने कापे. त्यात थायरॉइडचा तुकडा मागे राही आणि हे दाणे मात्र जात.

१८९६ मध्ये इटलीत वासाले आणि जेनेराली यांनी प्राण्यांमधल्या फक्त या ग्रंथी काढून दाखवल्या, आणि टेटनी झाली. १९०९ मध्ये अमेरिकेत मॅकॅलम आणि फेग्टलिन यांनी दाखवलं की अशा प्राण्याला कॅल्शियम टोचलं की पेटके थांबतात. १९२५ मध्ये कॉलिपने (इन्शुलिन शुद्ध करणारा तोच) या ग्रंथींचा अर्क काढला.

म्हणजे आता इन्शुलिनसारखंच इंजेक्शन आलं असणार, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण त्या अर्काचा परिणाम हळूहळू ओसरायचा. त्यामुळे रुग्णांच्या वाट्याला आलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. हार्मोनच असलेलं औषध, नॅटपॅरा, अमेरिकेत मंजूर झालं थेट २०१५ मध्ये. २०१९ मध्ये काडतुसातल्या रबराचे कण औषधात येण्याच्या शक्यतेमुळे ते तिथे परत घेतलं गेलं, आणि २०२४ अखेर त्याचं उत्पादनच थांबलं. दरम्यान दिवसातून एकदा टोचायचं पॅलोपेगटेरिपॅराटाइड आलं: युरोपात २०२३, अमेरिकेत २०२४.

एवढा फरक का पडतो? आमच्या भाषेत सांगतो. हे हार्मोन म्हणजे सतत चालणारा फीडबॅक लूप आहे. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की हाडांतून काढ, मूत्रपिंडाला सांग लघवीत घालवू नकोस, ड जीवनसत्त्व कामाला लाव. गोळ्या म्हणजे हार्डकोड केलेली किंमत! जुलाब झाले, गोळी चुकली, की गणित कोलमडतं. शिवाय हार्मोन नसल्याने मूत्रपिंड कॅल्शियम धरून ठेवत नाही, म्हणून जास्त दिलं तर मुतखडे. त्यामुळे डॉक्टर पातळी मुद्दाम खालच्या काठाशी ठेवतात. साधं ड जीवनसत्त्व पुरत नाही, कॅल्सिट्रिऑल लागतं.

हे कळायच्या आधी मी आईवर चिडायचो. "गोळ्या घेतेस ना? मग रिपोर्ट असा कसा?" ती गप्प बसायची. तिची काही चूक नव्हती. जे काम चार दाणे मिनिटामिनिटाला न सांगता करत होते, ते ती घड्याळ लावून हाताने करत होती.

आता तिच्या पर्समध्ये, माझ्या बॅगेत आणि गाडीत कॅल्शियमची पट्टी असते. तिने "मुंग्या" म्हटलं की मी प्रश्न विचारत नाही, आधी पाणी आणतो.