मिरजेचा तांब्याचा पत्रा आणि पडद्यावरचे पान

मिरजेत १८०५ साली भगवद्गीता छापली गेली. त्यासाठी सुटे खिळे वापरले नव्हते. अख्खे पानच तांब्याच्या पत्र्यावर कोरले होते. पुण्यात नाना फडणवीसांच्या प्रोत्साहनाने सुरू झालेला हा खटाटोप त्यांच्या निधनानंतर मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने तडीस गेला. पण एका पानाचा पत्रा दुसऱ्या पानाला चालत नाही. पुढे मराठी छपाई खिळ्यांवर गेली आणि तीच अक्षरे जुळवून, मोडून पुन्हा वापरता येऊ लागली.

उर्दूचे तसे झाले नाही. नस्तालीकचा बाक आणि उतार खिळ्यांत बसेना. म्हणून कातिब हाताने पान लिही आणि ते दगडावर उतरवून शिळाछाप छपाई होई. १९८१ साली लाहोरचा ‘जंग’ मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकमध्ये संगणकावर निघाला, तेव्हा कुठे ही कोंडी फुटू लागली.

वेबपानांचा इतिहासही असाच आहे. टिम बर्नर्स-ली यांच्या एचटीएमएलमध्ये हा मथळा, हा परिच्छेद, अशा खुणा मजकुरात घालतात. सुरुवातीला माणसे प्रत्येक पान हातानेच लिहून ठेवत. म्हणजे तो पत्राच. १९९३मध्ये सीजीआय आले. मागणी आली की सर्व्हरने प्रोग्रॅम चालवायचा आणि प्रोग्रॅम ज्या खुणा व मजकूर लिहील तेच पान म्हणून पाठवायचे. १९९५मध्ये रासमुस लेर्डोर्फ यांची पीएचपी लोकांसाठी खुली झाली आणि हे काम पुष्कळ सोपे झाले.

साताऱ्यातला शेतकरी ऑनलाइन सातबारा पाहतो, तेव्हा हेच घडते. तो जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक निवडतो. नोंदी साठ्यात असतात, पान मागणीनंतर तयार होते. यात सोय आहे तशी जोखीमही आहे. कातिबाची चूक एका पानापुरती राही. प्रोग्रॅममधली चूक त्याने बनवलेल्या प्रत्येक पानावर उमटते.

उर्दू-मराठी शिकवणाऱ्याला हे लगेच जाणवते. मराठी डावीकडून उजवीकडे जाते, उर्दू उजवीकडून डावीकडे. १९९७च्या एचटीएमएल ४.० मध्ये भाषा आणि दिशा सांगण्याची सोय आली. प्रोग्रॅमने मराठी पानात उर्दू वाक्य घातले आणि दिशा सांगितली नाही, तर अक्षरे बहुधा नीट दिसतात, पण पूर्णविराम भलत्या टोकाला जातो आणि मध्ये मराठी शब्द आला की वाक्याचे तुकडे उलटसुलट लागतात. वाचणाऱ्या मुलाला वाटते, आपली भाषाच संगणकाला जमत नाही.

ते खरे नाही. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला, उर्दू विकिपीडिया २००४ साली. दोन्हींची पाने मीडियाविकी हा पीएचपीत लिहिलेला एकच प्रोग्रॅम बनवतो. मराठीला तो एक दिशा सांगतो, उर्दूला दुसरी. लिहिणाऱ्यांनी दोन्ही वाचक आधीच ध्यानात घेतले, एवढेच.

सातारा-सांगलीच्या आपल्या शाळांत संगणकाचे तास होतात. तिथे मुलांना पान बनवणारा प्रोग्रॅम शिकवताना पहिल्याच धड्यात भाषा आणि दिशेची खूण शिकवावी. ती नंतर हजार पानांत शोधून घालण्यापेक्षा पहिल्या ओळीत लिहिणे सोपे आहे.