‘लिटल प्लास्टिक कॅसल’ : स्वतंत्र निर्मितीचे यश

अमेरिकी गायिका, गीतकार आणि गिटारवादक आनी डिफ्रँको यांचा ‘लिटल प्लास्टिक कॅसल’ हा अल्बम फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रकाशित झाला. लोकसंगीत आणि रॉक यांचा मेळ साधणाऱ्या या बारा गीतांच्या अल्बमने अमेरिकेतील ‘बिलबोर्ड २००’ या तेव्हा विक्रीवर आधारित असलेल्या सूचीत २२ वे स्थान मिळविले. कोणत्याही बड्या ध्वनिमुद्रण कंपनीचे पाठबळ नसताना मिळालेले हे यश उल्लेखनीय मानले जाते.

डिफ्रँको यांचा जन्म १९७० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात झाला. वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी ‘रायचस बेब रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी स्थापन केली. सुरुवातीच्या काळात गावोगावी कार्यक्रम करून त्या तेथेच आपल्या कॅसेट्स विकत असत. पुढे मोठ्या कंपन्यांनी देऊ केलेले करार त्यांनी नाकारले. अशा करारात कलावंताला आगाऊ रक्कम मिळते. मात्र मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क बहुधा कंपनीकडे जातात आणि खर्चाची वसुली कलावंताच्या मानधनातून होते. स्वतंत्र निर्मितीत हक्क आणि प्रत्येक प्रतीमागे मिळणारा मोठा वाटा कलावंताकडेच राहतो. परंतु खर्च, वितरण आणि तोट्याचा धोकाही त्यालाच पत्करावा लागतो. १९९६ मधील त्यांच्या ‘डायलेट’ या अल्बमला याच सूचीत ८७ वे स्थान मिळाले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी हा पल्ला गाठला गेला.

अल्बमच्या शीर्षकाला काचपात्रातील सोनमाशाचा संदर्भ आहे. प्रसिद्धीमुळे सतत इतरांच्या नजरेखाली राहण्याचा अनुभव शीर्षकगीतातून व्यक्त होतो. ‘फ्युएल’ या गीताचा आरंभ मॅनहॅटनमधील खोदकामात सापडलेल्या गुलामांच्या दफनभूमीच्या उल्लेखाने होतो. ‘पल्स’ या प्रदीर्घ अंतिम गीतात जॉन हॅसेल यांचे ट्रम्पेटवादन आहे. ‘ग्लास हाउस’ या गीतासाठी डिफ्रँको यांना रॉक गायिकांच्या विभागात ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले.

या यशाला दुसरी बाजूही होती. वृत्तपत्रे आणि नियतकालिके त्यांच्या गीतांपेक्षा त्यांच्या व्यवसायाचीच चर्चा अधिक करू लागली. १९९७ मध्ये ‘मिस’ या स्त्रीवादी नियतकालिकाने त्यांचा गौरव करताना प्रत्येक अल्बममागे होणाऱ्या त्यांच्या कमाईचा दाखला दिला. तेव्हा डिफ्रँको यांनी संपादकांना खुले पत्र लिहून, आपली ओळख उद्योजिका म्हणून नव्हे तर गीतकार म्हणून व्हावी, अशी अपेक्षा व्यक्त केली.

कंपनीचा कारभार त्यांनी महानगरात न हलविता बफेलो येथेच ठेवला. पाडले जाण्याची शक्यता असलेल्या तेथील एका जुन्या चर्चचे पुढे नूतनीकरण करण्यात आले आणि ती वास्तू संगीत कार्यक्रमांचे केंद्र बनली. इंटरनेटमुळे स्वतःचे संगीत स्वतः प्रकाशित करणे आज सुलभ झाले आहे. ती सोय सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच हा मार्ग व्यवहार्य असल्याचे या अल्बमने दाखवून दिले.