सुनील छेत्री आणि भारताचे सर्वकालीन श्रेष्ठ फुटबॉलपटू

सुनील छेत्री (जन्म: ३ ऑगस्ट १९८४, सिकंदराबाद) हे भारतीय फुटबॉलपटू असून आंतरराष्ट्रीय सामन्यांत भारतासाठी सर्वाधिक गोल त्यांनी केले आहेत. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि मुंबईचे नेव्हिल डिसूझा यांच्या पिढीच्या तुलनेत त्यांचे स्थान कोणते, हा भारतीय फुटबॉलमधील मतभेदाचा विषय आहे.

कारकीर्द

छेत्री यांनी पहिला आंतरराष्ट्रीय गोल जून २००५ मध्ये पाकिस्तानविरुद्ध क्वेट्टा येथे केला. २००८ च्या एएफसी चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी ताजिकिस्तानविरुद्ध तीन गोल केले. त्या विजयामुळे भारत २०११ च्या आशियाई चषकास पात्र ठरला. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्धचा सामना खेळून ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ गोल होते. मार्च २०२५ मध्ये ते संघात परतले आणि शिलाँग येथे मालदीवविरुद्ध त्यांनी आणखी एक गोल केला. त्यांना अर्जुन पुरस्कार (२०११), पद्मश्री (२०१९) आणि खेलरत्न (२०२१) हे सन्मान मिळाले. खेलरत्न मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू होत.

गोवा व मुंबई

क्लब फुटबॉलमध्ये छेत्री गोव्याच्या डेंपो आणि चर्चिल ब्रदर्स या संघांकडून खेळले. २०१५ मध्ये मुंबई सिटीकडून खेळताना इंडियन सुपर लीगमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले भारतीय ठरले.

जून २०१८ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात आंतरखंडीय चषक स्पर्धा झाली. चिनी तैपेईविरुद्ध भारताने ५–० असा विजय मिळवला व त्यात छेत्री यांचे तीन गोल होते. परंतु मैदानातील बहुतांश आसने रिकामी होती. त्यानंतर छेत्री यांनी चित्रफितीद्वारे प्रेक्षकांना मैदानावर येण्याचे आवाहन केले. केनियाविरुद्धच्या पुढील सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली. तो छेत्री यांचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. अंतिम सामन्यातील दोन गोलांसह त्यांची एकूण गोलसंख्या ६४ झाली आणि त्यांनी लिओनेल मेस्सी यांच्या तत्कालीन आंतरराष्ट्रीय गोलसंख्येशी बरोबरी साधली.

पूर्वीची पिढी

१९५१ (दिल्ली) आणि १९६२ (जकार्ता) या आशियाई क्रीडा स्पर्धांत भारताने सुवर्णपदक जिंकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४–२ अशा विजयात नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी कामगिरी करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होते. गोवन वंशाचे डिसूझा मुंबईच्या टाटा व कॅल्टेक्स या संघांकडून खेळत. जकार्ताच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जी व जर्नेल सिंग यांनी गोल केले. गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या आशियाई चषकात भारत उपविजेता ठरला.

तुलनेतील अडचणी

केवळ गोलसंख्येचा निकष लावल्यास छेत्री निर्विवाद पुढे आहेत. मात्र जुन्या पिढीस आंतरराष्ट्रीय सामने फार कमी मिळत. गोस्वामी तर १९६४ मध्ये, तिशी गाठण्यापूर्वीच आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाले. दुसरा आक्षेप प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाचा आहे. छेत्री यांचे अनेक गोल दक्षिण आशियातील शेजारी संघांविरुद्ध झाले. त्यांच्या काळात भारत विश्वचषकास किंवा ऑलिंपिकला पात्र ठरला नाही आणि २०२४ च्या प्रारंभी झालेल्या आशियाई चषकात तिन्ही सामने गोल न करता हरला.

याउलट, पूर्वीच्या यशालाही मर्यादा होत्या. १९६४ च्या आशियाई चषकात केवळ चार संघ होते. मेलबर्नमध्ये हंगेरीने माघार घेतल्याने भारत पहिली फेरी न खेळताच पुढे गेला होता. शिवाय छेत्री यांनी मोठ्या स्पर्धांतही गोल केले आहेत. २०११ च्या आशियाई चषकात त्यांनी बहारीन व दक्षिण कोरियाविरुद्ध प्रत्येकी एक गोल केला, तर २०१९ मध्ये थायलंडविरुद्धच्या ४–१ विजयात दोन गोल केले. १९६४ नंतर या स्पर्धेतील भारताचा तो पहिलाच विजय होता.

मूल्यमापन

या वादात दोन वेगळे प्रश्न अनेकदा एकत्र येतात. संघाने मिळवलेले यश हा निकष मानल्यास १९५१ ते १९६४ या काळातील खेळाडू वरचढ ठरतात. दीर्घकाळ टिकवलेली वैयक्तिक कामगिरी पाहिल्यास छेत्री यांच्या जवळपास कोणी येत नाही. गोस्वामी व बॅनर्जी यांना एकमेकांची साथ होती. छेत्री यांच्या काळात गोलांचा मोठा भार प्रदीर्घ काळ एकाच खेळाडूवर राहिला. त्यामुळे त्यांची गोलसंख्या त्यांच्या श्रेष्ठत्वाइतकीच त्या काळातील भारतीय संघाच्या उणिवेचीही निदर्शक आहे.