शिवलेली फळे

दिवाळीच्या तोंडावर माळा उपसायचा बेत निघाला, की घरोघरी एक जुना तंटा नव्याने उभा राहतो. आजोबांचा दांडी मोडलेला चष्मा, आजीचे विरलेले लुगडे. हे ठेवायचे की टाकायचे? ठेवावे तर कसर लागते, टाकावे तर हात धजत नाही. वाचकहो, हाच तंटा विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत एका कलावतीपुढे व एका मोठ्या कलासंग्रहालयापुढे उभा राहिला, आणि तोही फळांच्या सालींवरून!

फळ आणि काळ यांचे नाते चित्रकलेत जुनेच आहे. सतराव्या शतकातील हॉलंडच्या चित्रकारांना नश्वरतेचे मोठे वेड. कवटी, विझलेली मेणबत्ती, घड्याळ, असली सामग्री मांडून ते ऐहिक वैभवाची क्षणभंगुरता दाखवीत. हार्लेमच्या विलेम क्लास हेडाच्या चित्रांत तर अर्धवट सोललेले लिंबू पुन्हापुन्हा भेटते. पण गंमत अशी, की सारे नासणार म्हणून सांगणारे ते लिंबू स्वतः मात्र जवळजवळ चारशे वर्षे रसरशीतच राहिले आहे!

आता न्यूयॉर्ककडे वळू. १९८१ साली एड्सच्या पहिल्या नोंदी झाल्या आणि १९९६ च्या सुमारास संयुक्त औषधोपचार हाती येईपर्यंत तेथील कलावंतांची जवळजवळ एक पिढी या रोगाने कापून काढली. डेव्हिड वोयनारोविच हा चित्रकार व लेखक त्यांतलाच. जुलै १९९२ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो गेला. झोई लेनर्ड ही छायाचित्रकर्ती त्याची मैत्रीण. डेव्हिडने एकदा दुभंगलेला पाव तांबड्या दोऱ्याने शिवून एक कलाकृती केली होती. तो गेल्यानंतर एके दिवशी झोईने संत्री खाल्ली; साली फेकून देववेनात. तिने सुईदोरा घेतला आणि त्या पुन्हा शिवून टाकल्या.

तेव्हापासून १९९७ पर्यंत ती शिवतच राहिली. संत्री, केळी, लिंबे, ग्रेपफ्रूट, अव्हाकाडो; आतला गर खाऊन झालेला, साल वाळलेली, आणि तिला दोऱ्याचे, तारेचे टाके, कुठे बटणे तर कुठे चेन. अशी सुमारे ३०० फळे जमली. आकार फळाचा, पण आत काही नाही. ज्याच्या घरातले माणूस गेले आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पुढे प्रश्न आला तो जतनाचा. सालीच त्या, सुकणार, चुरा होणार. ख्रिश्चन शाइडेमान नावाच्या जर्मन जतनतज्ज्ञाने खटपट करून, साली गोठवून व त्यांत रासायनिक राळ मुरवून, त्यांचे कुजणे थोपवण्याची युक्ती काढली. काही नमुने तयारही झाले. झोईने ते पाहिले आणि ती थबकली. जी फळे झिजणार नाहीत, ती शोकाची गोष्ट कशी सांगणार? तिने जतन नाकारले.

१९९८ साली फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाने ही फळे आहेत तशी स्वीकारली. वस्तू टिकवणे हाच ज्या संस्थेचा धर्म, तिने एक वस्तू डोळ्यांदेखत झिजू देण्याचे मान्य केले! २०१८ साली ती न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडली गेली, तेव्हा जमिनीवर विखुरलेल्या त्या साली काळवंडून, आक्रसून गेल्या होत्या.

मातीची मूर्ती घडवून, पूजून, पाण्यात सोडणाऱ्या आपल्याला हे कोडे अवघड वाटू नये. पण विसर्जन वाजतगाजत होते, एका दिवसात आटोपते. येथे विसर्जन वर्षानुवर्षे चालले आहे आणि पाहणाऱ्याने फक्त जवळ बसायचे आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसे.

तेव्हा यंदा माळ्यावरचे ते लुगडे हाती आले, तर निर्णयाची घाई नको. घटकाभर ते मांडीवर घ्यावे. फाटले असेल तेथे दोन टाके घालावेत. लुगडे काही त्यामुळे चिरंजीव होणार नाही. पण टाका घालीपर्यंत आजी आपल्यापाशी असते, एवढे खरे.